मदत हवी आहे: सेमिनारसाठी 'पाळत' आणि 'गुन्हा' यांचं इंग्रजी

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. मी समाजशास्त्रात एम. ए. करते, पहिलं वर्ष. बारावीपर्यंत गावातच शिकले, बी. ए. तालुक्याला, सगळं मराठीतून. आता जिथं शिकते तिथं सेमिनार इंग्रजीत होतात. सध्या सुट्टीत घरी आहे, दारव्ह्याकडे. तीन आठवड्यांनी माझी पाळी आहे. वीस मिनिटं बोलायचं आणि मग प्रश्न. विषय मीच ओढवून घेतला: गावात लागलेले सीसीटीव्ही आणि गुन्हे. आमच्याकडे वर्गणी काढून चार कॅमेरे बसवले. त्यातला बस थांब्यावरचा पोळ्यापासून बंद आहे, पण खालची पाटी मात्र झकास: 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात'.

अडचण सांगते. मागच्या सत्रात एका चर्चेत मला म्हणायचं होतं, की विहिरीवरची मोटार चोरीला गेली तेव्हा पोलिसांना एका पोरावर संशय होता. मी म्हटलं, 'द पोलीस डाउटेड दॅट ही वॉज द थीफ.' समोरच्या मुलानं विचारलं, मग त्याला पकडलं कशाला? मला वाटलं हा मुद्दाम खोडी काढतोय. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. दोघं-तिघं हसले. काय चुकलं ते मला आजही नीट कळलेलं नाही.

वहीत एकशे चाळीस शब्द उतरवलेत. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. झोपेतून उठवून विचारा, अर्थ सांगते. पण बोलताना एकही जागेवर बसत नाही. विशेष गोंधळ दोन ठिकाणी आहे. एक, चोरीचे इतके शब्द कशाला? दोन, सर्व्हेलन्स, मॉनिटरिंग, सुपरव्हिजन, तिन्हींसमोर शब्दकोशात 'देखरेख'च. आणि पॅनॉप्टिकॉन कुणी सोपं करून सांगेल का? वाचलं, डोक्यावरून गेलं.

व्हिडिओच्या लिंका नका देऊ प्लीज. रेंज फक्त गच्चीवर येते, आणि तिथं सध्या मिरच्या वाळत घातल्यात.

टिंगू_मास्तर

रोज दहा शब्द पाठ करा, इंग्रजी पेपर वाचा, आरशासमोर बोला. आत्मविश्वास महत्त्वाचा.

पऱ्हाटी

सर, आत्मविश्वास होता म्हणूनच तर दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं.

कोर्टाची_पायरी

हा हा. ताई, मी तालुका कोर्टात वकिली करतो, यवतमाळ जिल्ह्यातच. तुमचं वाक्य आधी घेऊ, कारण ही चूक मी स्वतः अर्जात केलेली आहे.

मराठीत 'संशय' एकच, इंग्रजीत तो दोन दिशांना जातो. 'सस्पेक्ट' म्हणजे असंच असावं असं वाटणं. 'डाउट' म्हणजे तसं नसावं असं वाटणं. तुमच्या वाक्याचा अर्थ झाला, 'तो चोर असेल असं पोलिसांना वाटत नव्हतं.' म्हणून त्या मुलानं विचारलं. खोडी नव्हती, त्याला खरंच प्रश्न पडला. 'द पोलीस सस्पेक्टेड हिम' म्हणायचं, विषय संपला. संशयित माणूसही 'सस्पेक्ट'च, फक्त नामात भर पहिल्या अक्षरावर, क्रियापदात दुसऱ्यावर. 'कन्व्हिक्ट'चंही तसंच.

आता चोऱ्या. इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवा बाजूला आणि मराठी पेपरातली पोलीस बातमी काढा. आपल्याकडे चोरी, घरफोडी, जबरी चोरी, दरोडा, खंडणी हे शब्द बातमीदार अगदी कायद्याच्या मापानं वापरतात. मोटार कुणी नसताना नेली, ती 'थेफ्ट'. कुलूप तोडून घरात शिरले, 'हाऊस-ब्रेकिंग'. सेमिनारात 'बर्गलरी' म्हटलं तरी चालेल, पण १८६० च्या भारतीय दंड संहितेत शब्द हाऊस-ब्रेकिंग होता. चोरी करताना मारलं किंवा मारायचा धाक घातला, की जबरी चोरी, म्हणजे 'रॉबरी'. आणि तीच जबरी चोरी पाच किंवा जास्त जणांनी मिळून केली, की 'डकॉइटी', दरोडा. पाच हा आकडा जुन्या कायद्यात होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तोच आहे. चार असतील तर दरोडा नाही. नव्या संहितेत 'स्नॅचिंग' वेगळा गुन्हा केलाय, म्हणजे मोटारसायकलवरून येऊन पोत हिसकावणं वगैरे.

वाक्यात बसवताना एकच लक्षात ठेवा: 'स्टील' वस्तूला लागतं, 'रॉब' माणसाला किंवा जागेला. दे स्टोल द मोटार. दे रॉब्ड द फार्मर. उलट केलंत की शेतकरीच उचलून नेल्यासारखं होतं.

आणि गुन्हा 'डू' करत नाहीत, 'कमिट' करतात. 'एव्हिडन्स'ला आणि 'फुटेज'ला एस लावू नका. एव्हिडन्सेस म्हणणारे वकील मी रोज ऐकतो, तरीही लावू नका.

पऱ्हाटी

दादा!! म्हणजे तो बिचारा खरंच विचारत होता. मी दोन महिने त्याच्याशी बोलले नाही.

संशयित ते कैदी हे मधलं सगळंही सांगा ना.

कोर्टाची_पायरी

संशयित सस्पेक्ट. गुन्हा नोंदवून आरोप ठेवला की 'अक्यूज्ड'. खटला चालू आणि माणूस आत, तर 'अंडरट्रायल', ज्याला तुरुंगात कच्चा कैदी म्हणतात. शिक्षा झाली की 'कन्व्हिक्ट', पक्का कैदी. अंडरट्रायल हा आपल्याकडचा शब्द, इंग्लंडात 'रिमांड प्रिझनर' म्हणतात. सुटण्याचेही प्रकार आहेत. जामिनावर सुटला म्हणजे निर्दोष नाही. आरोप निश्चित व्हायच्या आधीच कोर्टानं सोडलं तर 'डिस्चार्ज', मराठीत दोषमुक्त. खटला पूर्ण चालून सुटला तर 'अक्विटल', निर्दोष मुक्तता. आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत चोर म्हणायचं नाही, 'अलेज्ड' लावायचं. हा एक शब्द आला तरी समोरचे सावरून बसतात.

वावरातला_भाऊ

बाप्पा, मी तं चोऱ्यायचं वाचूनच दमलो. माह्या वावरातून केबल दोनदा गेली, मले कोणीच नाही इचारलं का थेफ्ट का रॉबरी. 😄

ते पॅनॉप्टिकॉन काय हाय ते सांगा कोणी, मलेही आयकाचं हाय.

निवृत्त_इंग्रजीवाले

मी अमरावती जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा थोडं मास्तरासारखं लिहिलं तर सांभाळून घे, पोरी.

आधी तुझी 'देखरेख'. शब्दकोशानं तुला फसवलंय, कारण मराठीत यासाठी एक नाही, डझनभर शब्द आहेत, आणि तुला ते सगळे येतात. पिकाची आपण राखण करतो, 'गार्डिंग'. रोजंदारीवर माणसं लावली की त्यांच्यावर देखरेख, 'सुपरव्हिजन'. इथं देखरेख करणारा वरचा असतो आणि कामाला जबाबदार असतो. धरणाची पातळी रोज मोजतात, ते 'मॉनिटरिंग'. मोजमाप आहे, माणसावर रोख असेलच असं नाही. शत्रूच्या मुलखाची टेहळणी म्हणजे 'रिकॉनिसन्स'. आणि माणसावर, त्याच्या येण्याजाण्यावर, काही हेतूनं सतत लक्ष ठेवणं म्हणजे पाळत. सर्व्हेलन्स हा मुख्यतः तो. उच्चारात भर 'व्हे'वर दे.

मुख्यतः म्हटलं, कारण तो शब्द पाळतीपेक्षा मोठा आहे. गावात आशाताई ताप आलेल्यांची नोंद घेऊन वर कळवतात ना? तेही इंग्रजीत 'डिसीझ सर्व्हेलन्स'च, आणि सरकारी मराठीत त्याला 'रोग सर्वेक्षण' करून टाकलंय. म्हणून आपली मुलं सर्व्हेलन्स आणि सर्व्हे एकच समजतात. पाळत म्हटलं की मराठीत वास वाईट येतो, लपूनछपून केल्यासारखा. इंग्रजी शब्दात उघड्या पाटीचा कॅमेराही येतो. तुझ्या विषयात नेमकी हीच गंमत आहे.

एक मजा सांगतो. इंग्रजीत या शब्दाला धड क्रियापदच नव्हतं. 'सर्व्हेल' हे मागाहून नामावरून पाडलेलं, अजूनही कानाला खटकतं. मिशेल फुको या फ्रेंच विचारवंताच्या १९७५ च्या पुस्तकाच्या मूळ नावात 'पाळत ठेवणं' हे क्रियापद आहे. १९७७ साली इंग्रजी करताना अनुवादकाला त्याला प्रतिशब्द सापडेना, तेव्हा नावात 'डिसिप्लिन' आलं. मराठीत तीच अडचण आलीच नसती. तू बोलताना क्रियापद टाळ: 'कीप समवन अंडर सर्व्हेलन्स' म्हण. तुझ्या वहीत हे चार शब्द एका ओळीत लिही, सुटा 'सर्व्हेलन्स' नको. तुझे एकशे चाळीस शब्द एकटे आहेत, त्यांना सोयरेधायरे नाहीत. बोलताना बसत नाहीत ते त्यामुळं.

पॅनॉप्टिकॉन. जेरेमी बेंथम नावाच्या इंग्रज विचारवंतानं १७९१ साली छापलेला तुरुंगाचा आराखडा. गोल इमारत, कडेनं कोठड्या, मधोमध मनोरा. मनोऱ्यातून प्रत्येक कोठडी दिसते, कोठडीतून मनोऱ्यात कुणी आहे की नाही ते दिसत नाही. मग कैदी सतत कुणीतरी बघतंय असं धरूनच वागतो. फुकोनं त्यावरून सांगितलं, की शाळा, दवाखाना, बराक, कारखाना, सगळीकडे हीच युक्ती आहे. माणूस स्वतःच स्वतःवर पाळत ठेवू लागतो.

वावरातला_भाऊ

मास्तर, हे तं बुजगावणं झालं!

निवृत्त_इंग्रजीवाले

अगदी! आणि इतक्या वर्षांत मला हे वर्गात सुचलं नाही. फरक एवढाच, की मनोऱ्यात कधीतरी माणूस असतो.

वावरातला_भाऊ

मंग मचाण म्हणा. मी दोन रात्री जागलीवर जातो, तिसऱ्या रात्री मचाणावर नुसतं कंदील अन् सदरा ठेवतो. पह्यले आठ दिवस रोही धुऱ्याच्या आत येत नाही. मंग त्याले समजते. मागच्या साली तं बुजगावण्याच्या सदऱ्याले पाठ घासू घासू हरभरा खाल्ला. आता झटका मशीन लावली.

निवृत्त_इंग्रजीवाले

पऱ्हाटी, हे उतरवून घे. धाकानं गुन्हा टळणं म्हणजे 'डिटरन्स', धाक घालणारी वस्तू 'डिटरन्ट'. पकडला जाईन अशी खात्री वाटेनाशी झाली की तो ओसरतो. तुझा बस थांब्यावरचा बंद कॅमेरा आणि भाऊचा सदरा, दोन्ही डिटरन्टच. 'प्रिव्हेन्शन' वेगळं: त्यात गुन्ह्याची संधीच कमी करतात, जसं मोटारीला पेटी बसवून कुलूप लावणं. आणि 'डिटेक्शन' म्हणजे घडल्यावर छडा लावणं. कॅमेरा या तिन्हींपैकी नेमकं काय करतो, हा तुझ्या सेमिनारचा प्रश्न होऊ शकतो.

तांडा_ते_तालुका

उशिरा लिहितोय. मी भटक्या विमुक्तांपैकी आहे. कुठली जात ते सांगत नाही. वरचं सगळं चांगलं आहे, पण कॅमेऱ्यापासून सुरुवात केली तर आमच्याकडची पाळत फार नवी वाटेल. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टनं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. मोठ्या माणसांनी पोलिसांकडे हजेरी लावायची, गावाबाहेर जायचं तर परवाना. १९५२ साली कायदा गेला, आम्ही 'नोटिफाइड'चे 'डीनोटिफाइड' झालो, आणि मागोमाग 'हॅबिच्युअल ऑफेंडर', म्हणजे सराईत गुन्हेगार, असा शब्द घेऊन नवे कायदे आले. गावात काही गेलं की पहिली जीप अजूनही कुठल्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाते, ते यवतमाळकरांना सांगायला नको. त्याला इंग्रजीत 'प्रोफायलिंग' म्हणतात.

म्हणून एक विनंती. 'क्रिमिनल' हा शब्द माणसाला चिकटवताना थांबा. 'अ पर्सन कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट' लांबडं वाटतं, पण ते एका कृत्याबद्दल बोलतं. तुमच्या वाक्यातल्या त्या पोरावर संशय का होता, हेही सांगता आलं तर सांगा.

पऱ्हाटी

दादा, हे वाचून थोडा वेळ गच्चीवरच बसले. तो पोरगा बेड्यावरचाच होता. मोटार नंतर गावातल्याच एकाच्या गोठ्यात सापडली. मी त्या दिवशी हे सांगितलंच नव्हतं, इंग्रजीत जमणार नाही म्हणून.

कोर्टाची_पायरी

मग वाचायला एकच सुचवतो: खडक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश, सर्वोच्च न्यायालय, १९६२. दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सुटलेला माणूस, तरी पोलिसांनी त्याची 'हिस्ट्री शीट', म्हणजे पाळतीसाठीची नोंद, उघडली. पोलीस नियमावलीत सर्व्हेलन्सची व्याख्याच दिलीय: घरावर गुपचूप पहारा, रात्री घरी येऊन तपासणी, येण्याजाण्याची नोंद. रात्रीच्या घरभेटी कोर्टानं रद्द केल्या, बाकी बरंच ठेवलं, खाजगीपणाचा हक्क मूलभूत नाही म्हणाले. तो भाग २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी निकालात फिरवला. निकालाची भाषा सोपी नाही, पण तुमचे निम्मे शब्द एकाच गोष्टीत भेटतील, सोयऱ्याधायऱ्यांसकट. पीडीएफ नाही, मजकूर कॉपी करून पाठवतो, गच्चीवर उतरेल.

पऱ्हाटी

वही नव्यानं काढली. पहिलं वाक्य असं केलंय, मराठी अक्षरांत लिहिते: 'द पोलीस सस्पेक्टेड अ बॉय बिकॉज ऑफ व्हेअर ही लिव्ह्ड. द स्टोलन मोटार वॉज फाउंड एल्सव्हेअर.' चुकलं असेल तर सांगा.

आणि शेवटचं, जागलीला इंग्रजीत काय म्हणू? 'नाइट वॉच' म्हटलं तर नाक्यावरचा पगारी पहारेकरी डोळ्यांपुढं येतो.

निवृत्त_इंग्रजीवाले

वाक्य बरोबर आहे, 'मोटार'च्या आधी 'वॉटर' लाव, नाहीतर त्यांना गाडी वाटेल. जागलीला 'जागल'च म्हण, पहिल्यांदा एका ओळीत अर्थ सांग आणि पुढं बिनधास्त वापर. लूट, ठग, डकॉइटी हे आपल्याकडूनच गेलेत इंग्रजीत.

वावरातला_भाऊ

रोहीले इंग्रजीत काय म्हणतात तेही लिहून ठेव, कोणी इचारलं तं.

पऱ्हाटी

ब्लू बुल, भाऊ. निळा बैल.

वावरातला_भाऊ

पोळ्याले सजवतो मंग.