प्रतिसाद: बायोडिझेलमध्ये डाळिंबाच्या सालीचा अर्क
वर कुणीतरी म्हटलंय की बायोडिझेल हवेतल्या ऑक्सिजनने खवट होऊ नये म्हणून टीबीएचक्यूसारखं कृत्रिम केमिकल कशाला, डाळिंबाची साल उकळून तो अर्क टाका, तोही अँटिऑक्सिडंटच की. आयडिया वाईट नाही, पण पाण्यात काढलेला अर्क बायोडिझेलमध्ये नीट विरघळतच नाही हो, तपकिरी गाळ तळाला बसतो आणि पाणी आत जातं ते वेगळंच, युरोपच्या ईएन १४२१४ या बायोडिझेलच्या मानकात पाण्याची मर्यादा किलोला फक्त ५०० मिलिग्रॅम आहे. सालीतल्या टॅनिनांचं, म्हणजे तुरट द्रव्यांचं, पाण्याशी जमतं, तेलाशी नाही. त्यापेक्षा रोजमेरीचा अर्क बघा, त्यातलं अँटिऑक्सिडंट कार्नोसिक अ‍ॅसिड तेलात मिसळतं, खाण्याच्या तेलातही वापरतात.

अर्काने बायोडिझेल किती टिकतं याची टेस्ट करायची तर रॅन्सिमॅट नावाच्या यंत्रावर, म्हणजे ११० डिग्रीला सँपलमधून हवा सोडत राहायची, ती पुढे पाण्यात जाते आणि तेल खवट व्हायला लागलं की त्या पाण्याची कंडक्टिव्हिटी एकदम चढते, तिथपर्यंतचा वेळ मोजायचा. युरोपच्या मानकाला हा वेळ किमान ८ तास हवा, अमेरिकेच्या मानकाला ३ तासही चालतात. सोयाबीनवाल्यांना जास्त त्रास, कारण त्या तेलात लवकर खवट होणारं लिनोलिक हे फॅटी अ‍ॅसिड जास्त, आपल्या करंजात जास्त टिकणारं ओलिक जास्त म्हणून जरा बरं.

आणि साठवणीच्या टाकीला पितळी कॉक किंवा तांब्याची नळी असेल तर आधी ती बदला, तांब्यामुळे ऑक्सिडेशन भराभर होतं, मग अर्क कुठलाही टाका, निम्मा त्यातच खर्ची पडेल.