आडोशाचा एसी गंजला, पावसात भिजणारा ठणठणीत! समुद्राजवळचे लोक काय करता?

मांद्रेकर_८७
नमस्कार मंडळी. घर गोव्यात मांद्र्याला, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटं, मध्ये माडांची रांग आणि एक गेस्ट हाऊस, समुद्र दिसत नाही पण रात्री ऐकू येतो. वरच्या खोलीतला दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तिसऱ्याच उन्हाळ्यात थंड करेनासा झालाय. मेकॅनिक आला, गॅस गेलाय म्हणाला, भरून पैसे घेऊन गेला, महिनाभरात परत तेच. मग मीच बाहेरच्या युनिटच्या मागे वाकून बघितलं तर कॉइलवरच्या त्या बारीक पट्ट्या (फिन) खालच्या कोपऱ्यात हात लावला की गळून पडतायत, बोटाला पांढरी पूड, स्टँडचे बोल्ट लालभडक. वॉरंटीचं विचारलं तर खाऱ्या हवेचा गंज त्यात धरत नाहीत, तसं कागदावर बारीक अक्षरात आहे पण.

आता डोकं फिरवणारी गोष्ट. हे युनिट बाल्कनीच्या खाली एकदम आडोशाला आहे, पावसाचा थेंब लागत नाही त्याला. खालच्या हॉलचं युनिट त्याहून जुनं, उघड्यावर, चार महिने पाऊस खातं, आणि ते मस्त चाललंय. हे कसं काय? आणि कॉइल बदलू की नवीन घेऊ? दुकानात कोणी ब्लू फिन म्हणतो कोणी गोल्ड फिन, त्यात दम आहे की नुसता रंग?

गारेगार_फोंडा
पंप, फ्रीज, एसी हीच माझी रोजीरोटी आहे म्हणून जरा लांबलचक लिहितो, कंटाळू नका. पाऊस म्हणजे फुकटची सर्व्हिसिंग आहे हो! वाऱ्याबरोबर मीठ सगळ्याच युनिटवर बसतं, उघड्यावरचं पावसात धुवून जातं, बाल्कनीखालचं तसंच थरावर थर साचत राहतं. आणि मीठ कोरडं राहत नाही, हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात ते तर त्याहून कितीतरी कमी दमटपणात ओले होतात. आपल्याकडे रात्री पंचाहत्तर म्हणजे काहीच नाही. म्हणजे तुमची कॉइल वर्षभर खाऱ्या पाण्यात भिजलेलीच समजा.

दुकानदार शंभर टक्के कॉपर म्हणून सांगतो ते नळ्यांबद्दल, वरच्या पट्ट्या बहुतेक ॲल्युमिनियमच्याच असतात. तांबं आणि ॲल्युमिनियम चिकटून बसलेत आणि वर खारं पाणी, की झाली बॅटरी तयार, त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि तांबं वाचतं, ती पांढरी पूड म्हणजे तुमच्या पट्ट्याच. पट्टी नळीपासून सुटली की उष्णता बाहेर टाकायची कशी? प्रेशर वाढतं, कॉम्प्रेसर दमतो, बिल वाढतं, मग ट्रिप. गॅस मात्र बहुधा कडेच्या यू-बेंडच्या ब्रेझिंगला (वळलेल्या नळीच्या जोडाला) नाहीतर पाईप जोडायच्या फ्लेअर नटला लीक होतो. नायट्रोजनचं प्रेशर देऊन, साबणाचा फेस लावून लीक शोधल्याशिवाय जो गॅस भरतो त्याला परत घरात घेऊ नका.

कॉइल की नवीन याचं उत्तर खालच्या पत्र्यात आहे. युनिटचा तळ आणि पाय भक्कम असतील, कॉम्प्रेसरचा आवाज स्वच्छ असेल आणि ओरिजिनल कॉइल मिळत असेल तर बदला. तळाला स्क्रू ड्रायव्हर टोचून आरपार जात असेल तर पैसे घालू नका.

बाणावलीचा_पाव
गारेगारदादा बोलतायत ते सगळं बरोबर पण मला एक सांगा, एवढं सगळं करणार कोण? आमच्या तीन खोल्या भाड्याने असतात, आम्ही इन्व्हर्टरच्या नादाला लागायचं सोडलं. साधा फिक्स्ड स्पीडवाला स्वस्तातला घ्यायचा, चालेल तेवढा चालवायचा, मग भंगारवाल्याला. इन्व्हर्टरमध्ये कॉइल वाचली तर बाहेरचा पीसीबी (सर्किट बोर्ड) जातो, खाऱ्या दमटीने नाही गेला तर पाल आत शिरून शॉर्ट करते, आणि बोर्डाची किंमत ऐकून आपल्यालाच शॉक.

गारेगार_फोंडा
पाव, भाड्याच्या खोलीचा हिशोब वेगळा, तिथे पाहुणा सोळावर लावून दार उघडं टाकून बीचवर जातो. घरात रोज रात्री आठ तास चालवणाऱ्याला इन्व्हर्टरच परवडतो. घेताना बोर्डावर कोटिंग आहे का विचारा आणि वायर आत जाते ते भोक बंद करून घ्या, पालीचा प्रश्न तिथेच अर्धा मिटतो.

रंगाचं राहिलं. ब्लू फिन गोल्ड फिन थोडा फायदा करतात, नाही असं नाही, पण तो पातळ थर पत्रा कापायच्या आधीच दिलेला असतो, म्हणजे कापलेली कड आणि नळी जिथून जाते ते भोक उघडंच, आणि गंज सुरू होतो तो तिथूनच. पूर्ण तयार कॉइल बुडवून केलेलं इपॉक्सी कोटिंग मिळालं तर त्याला जास्त पैसे द्यायला हरकत नाही. घरी येऊन स्प्रे मारणारे असतात त्यांचा फवारा वरवर बसतो, आत पोचत नाही. आणि गंज धरलेल्या कॉइलवर मारू नका, खाली मीठ झाकून ठेवण्यासारखं आहे ते.

मांद्रेकर_८७
देव बरें करूं दादा, वरच्या युनिटचा तळ टोचून बघितला, खारीसारखा फुटला. म्हणजे नवीनच. मग धुवायचं कसं? आमच्याकडे बावडी आहे, पंप लावून जोरात मारू का?

काणकोणकर_आजोबा
थांब थांब. किनाऱ्यालगतच्या बावडीचं पाणी एप्रिल-मे मध्ये आधी जिभेला लावून बघ. आमच्या वाड्यावरच्या कितीतरी बावड्या शिमग्यानंतर मचूळ होतात, तसल्या पाण्याने धुणं म्हणजे मिठाने मीठ धुणं. नळाचं पाणी घे. आमचे रापणकार, म्हणजे जाळं ओढणारे मच्छीमार, होडीची मोटर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय घरी जात नाहीत, एसीलाही तोच नियम रे बाबा. दसऱ्यापासून मिरगापर्यंत, पाऊस नसतो तेवढे दिवस, पंधरवड्याने धू. पावसाळ्यात आडोशाचं असेल तर तेव्हाही.

गारेगार_फोंडा
आजोबा लाखातलं बोललात. फक्त आधी एमसीबी पाडा, झाडांना घालतो तसा हलका फवारा, वरून खाली, वायरीच्या डब्याची बाजू सोडून. प्रेशर जेट नको, पट्ट्या आडव्या होतात आणि हवा जाणं बंद. ॲसिडवाला क्लीनर घेऊन कोणी आला तर गेटवरूनच परत.

चिरेबंदी
स्टँडबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. तुमचं घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) असेल तर बोल्ट मारताना सांभाळा, चिरा भुसभुशीत निघाला की साधा फास्टनर नुसता फिरत राहतो आणि मेकॅनिक तसाच आवळून निघून जातो. चाळीस किलोच्या आसपासचं धूड पहिल्या मजल्यावर लटकतंय आणि खाली पोरं खेळतायत. शक्य असेल तर स्लॅबवर ठेवा, नाहीतर बीममध्ये मारा. पावडर कोटिंगवाला स्टँड एकदा ओरखडा पडला की आतून खातो. हॉट डिप गॅल्वनाइझ्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला, बघा, बोल्ट तरी ३१६ स्टेनलेसचे घ्या, ३०४ वर समुद्राजवळ चहासारखे डाग येतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने तो जास्त तग धरतो.

आणि जागा बदलता आली तर घराच्या पूर्वेला न्या. दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो, घरच आडवं येईल त्याला. पण आडोसा करायचा म्हणून चारी बाजूंनी पेटीत कोंडू नका, गरम हवा परत तीच ओढत बसेल.

मांद्रेकर_८७
पूर्वेला न्हाणीघराची भिंत आहे, तिथे खाली चौथराच बांधतो मग. पाईप थोडी लांबेल पण चालेल. धुतलेलं पाणी तिथल्या अळवाच्या वाफ्यात जाईल, बायको ओरडणार.

काणकोणकर_आजोबा
माडाच्या मुळात सोड. माडाला आम्ही मुद्दाम मीठ घालतो.