तिथे खाल्लं, इथे शोधतोय: प्रवासातल्या पेस्ट्रीचा माग

लिस्बनला जाऊन आलेला माणूस पहिला आठवडा फोटो दाखवतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून आपल्या शहरात नाता, म्हणजे पापुद्र्याच्या वाटीतला अंड्याच्या कस्टर्डचा टार्ट, कुठे मिळेल याची चौकशी सुरू करतो. नाता घ्या, नेपल्सची स्फोल्यातेल्ला घ्या, फ्रान्समधल्या ब्रिटनीचा क्विन्यामान घ्या. एखाद्या गावाची किंवा पट्ट्याची ओळख झालेल्या या पेस्ट्र्या बॅगेत घालून आणण्यातल्या नाहीत. चॉकलेट येतं, वाइन येते, पापुद्रे मात्र विमानातच मान टाकतात. मग खाल्लं एका देशात आणि शोधायचं दुसऱ्याच देशात, अशी गत होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसतं पदार्थाचं नाव नकाशावर शोधून फारसं हाती लागत नाही. त्या गावची माणसं पोटापाण्यासाठी कुठे जाऊन वसली ते शोधावं, आणि तिथल्या बेकरीत ट्रे किती वाजता बाहेर येतो ते विचारावं. पटत नसेल तर खुशाल खोडून काढा.

तर लिहा. काय खाल्लंत, कुठे शोधलंत, सापडलं का, आणि सापडलं ते तेच होतं का? ‘आमच्याकडे सुपरमार्केटात मिळतं की’ एवढं लिहून पळायचं नाही. खाऊन कसं लागलं तेही लिहायचं.

* * *

बोहनी मी करते. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लिस्बनच्या बेलें भागात, जेरोनिमोस मठाशेजारच्या त्या जगप्रसिद्ध दुकानात आम्ही पहिल्यांदा नाता खाल्ला. पोर्तुगालमधले मठ १८३४ मध्ये बंद झाले आणि मठातल्या पाककृतीवरून १८३७ पासून इथे विक्री सुरू आहे. त्या दुकानातले तेवढे ‘पाश्तेइश द बेलें’, बाकी सगळ्यांचे नुसते नाता. बाहेरची रांग बघून घाबरू नका. ती बहुतेक बांधून नेणाऱ्यांची असते, आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, बसायला जागा मिळते.

नाता चांगला कसा ओळखायचा, तर वर जळके डाग हवेत, कड दाताखाली कर्रकन वाजायला हवी, आणि आतलं कस्टर्ड जेमतेम धरलेलं, बशी हलवली की थरथरणारं हवं. वरून दालचिनी आणि पिठीसाखर आपल्या हाताने भुरभुरायची. ते कस्टर्ड घट्ट बसलं की संपलं सगळं.

परतल्यावर मोठ्या दुकानातले फ्रोझन आणून पाहिले. कस्टर्डचं रबर झालेलं. मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या पोर्तुगीज बाईंनी हसून सांगितलं, ‘अहो, नदीपलीकडे न्यूयॉर्कात कशाला हिंडता, न्यूअर्कच्या आयर्नबाउंडमध्ये जा.’ फेरी स्ट्रीटच्या आसपास पोर्तुगीज वस्ती आहे, बेकऱ्या आहेत, गल्ल्यावर पोर्तुगीजच ऐकू येतं. तिथल्या एका काउंटरवर मांडलेल्या नातांकडे मी बोट दाखवलं, तर आजीबाईंनी मानेनेच ‘नको’ केलं आणि आतल्या ओव्हनकडे खूण केली. थांबलो. आले ते इतके गरम की पहिला घास घेताना सासूबाईंची जीभ भाजली. बेलेंपेक्षा गोडीला जास्त आणि पापुद्रा जरा जाड. पण कस्टर्ड थरथरत होतं!

* * *

आम्ही हाँगकाँगला. इथे अंड्याचा टार्ट गल्लोगल्ली मिळतो, पण त्याची वरची बाजू आरशासारखी गुळगुळीत, डाग औषधालाही नाही. नाताची आठवण आली की मकाव गाठतो. पोर्तुगीजांनी मकाव १९९९ मध्ये चीनला परत दिलं, तरी टार्ट गेला नाही. गंमत म्हणजे तो जो मकावचा टार्ट म्हणून प्रसिद्ध आहे, तो कोलोआन गावात १९८९ मध्ये अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रज माणसाने सुरू केला. जातीने कस्टर्ड इंग्रजी, रूप पोर्तुगीज. गोडी कमी, दालचिनीची डबी नाही. नाताचा चुलतभाऊ समजा. मला तर भावापेक्षा चुलतभाऊच जास्त आवडतो, लिस्बनवाल्यांनी राग मानू नये.

* * *

आमच्या घरातला पेच वेगळा आहे. मी सगळं खातो, बायको शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. नेपल्सला स्फोल्यातेल्ला खाल्ली ती मी, आणि हिने बघितली. कारण पारंपरिक स्फोल्यातेल्लाच्या पापुद्र्यांत डुकराची चरबी असते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीठ इतकं पातळ ओढायचं की खालचा ओटा दिसावा. त्यावर साटा लावावा तशी चरबी फासायची आणि घट्ट वळकटी करून गार करत ठेवायची. मग तिच्या चकत्या कापायच्या आणि प्रत्येक चकतीच्या मध्यात अंगठा घालून ती बाहेर ढकलत ढकलत शंकू करायचा. एकेक पदर दुसऱ्यावरून सरकून शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. आत रवा, रिकोटा चीज, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल आणि दालचिनी. ही झाली ‘रिच्चा’. ‘फ्रोल्ला’ म्हणजे त्याच सारणाची, पण बिस्किटासारख्या साध्या कवचातली. मूळ पदार्थ अमाल्फी किनाऱ्यावरच्या कोंका देई मारिनी इथल्या सांता रोझा मठातला. पास्क्वाले पिंताउरोने १८१८ मध्ये तो नेपल्समध्ये विकायला आणला. हे ज्ञान मला बायकोने दिलं. खायला मिळालं नाही म्हणून ती तेवढा वेळ वाचत बसली होती.

तर बॉस्टनला परतल्यावर फर्मान निघालं, चरबी नसलेली शोधा. नॉर्थ एंडमध्ये इटालियन बेकऱ्यांना तोटा नाही. पण तिथे काचेमागे मोठ्या दिमाखात बसलेले असतात ते लॉबस्टर टेल. कवच तसंच, आकार थोरला, आणि आत रिकोटाऐवजी क्रीम ठासलेलं. रवा नाही, संत्र्याची साल नाही. लोक त्यालाच स्फोल्यातेल्ला समजून नेतात आणि नेपल्सला नावं ठेवतात.

दुसरी अडचण ‘शॉर्टनिंग’ची. पापुद्र्यात काय आहे विचारलं की हे उत्तर मिळतं आणि त्यातून काहीच कळत नाही. ते वनस्पतीचं असतं किंवा प्राण्याचंही असू शकतं. एका जागी तर काउंटरवरच्या मुलाने ‘त्याने काय फरक पडतो?’ असं विचारलं. सांगायचा मुद्दा हा की काउंटरवर विचारू नका. पीठ मळणाऱ्याला बोलवायला सांगा, आणि गर्दीच्या वेळी नाही. असा एक भला माणूस भेटला, त्याने आतून डबाच आणून दाखवला. वनस्पती तेलाचा होता. बायकोने तिथेच उभ्याने खाल्ली, संपवली आणि म्हणाली, ‘बरी आहे.’ खरं सांगू, चरबीचा पापुद्रा जसा काचेसारखा फुटतो तसा हा फुटत नाही. पण हे मी घरात बोललेलो नाही.

* * *

धागा काढणाऱ्यांनी वस्तीचा नियम सांगितला तो मला लागू पडला नाही. मी कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, आणि मला हवा होता क्विन्यामान.

ब्रिटनीतल्या दुआर्नने या मासेमारीच्या बंदरात तो १८६० च्या सुमारास पहिल्यांदा झाला असं मानतात. पावाचं पीठ, खारं लोणी, साखर. बस. आणि प्रमाण ऐकाल तर डोळे पांढरे होतील: जुन्या हिशोबात चार भाग पीठ, तीन भाग लोणी, तीन भाग साखर. खारं लोणी का, तर क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये मिठावर जो जबर कर होता त्यातून ब्रिटनीला सूट होती. मीठ स्वस्त, म्हणून लोण्यात मीठ घालायची रीत तिथे टिकली. तिथला क्विन्यामान म्हणजे ताटलीएवढा गोल, चपटा, जड. कोमट करून त्रिकोणी तुकडा देतात. बोटांना तूप लागावं तसं लोणी लागतं, कडेची साखर जळायच्या बेतात आलेली, आणि गोडाच्या मागून मीठ येतं.

कॅलिफोर्नियात क्विन्यामान मिळतो आणि चांगल्या बेकऱ्यांत मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो मुठीएवढा, चार कोपरे मध्ये दुमडून फुलासारखा केलेला, क्रॉसाँच्या अंगाने जाणारा हलकाफुलका प्रकार. कुरकुरीत, देखणा. मीठ? नावाला. तिथला ऐवज वेगळा आणि हा वेगळा. एका बेकरीत मी विचारलं की मोठा, सबंध करून द्याल का? त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं, तो घेणार कोण?

शेवटी ब्रेतों, म्हणजे ब्रिटनीचा, माणूस सापडला तो बेकर नव्हता, लेकीच्या शाळेतल्या मैत्रिणीचे वडील होते. ते वर्षातून एकदा घरी करतात. दुकानातलं बिनखारं लोणी आणून वर मीठ घालायचं नाही, खारंच आणायचं, आणि भाजताना वर येणारं लोणी चमच्याने परत परत वर सोडायचं, हे त्यांनी शिकवलं. तो तुकडा खाल्ल्यावर माझा शोध थांबला.

* * *

दुबई. स्पेनच्या मायोर्का बेटावरून निघताना पाल्मा विमानतळावर जो तो हातात अष्टकोनी पुठ्ठ्याचा खोका सांभाळत चालला होता. आत एन्साइमादा, गोगलगाईसारखी वळलेली, पिठीसाखरेत न्हालेली. (हिच्यातही डुकराची चरबी, शाकाहारींनी नोंद घ्यावी.) इथे आल्यावर ऑफिसात सहज नाव काढलं, तर फिलिपिनो सहकारी ताडकन म्हणाली, ‘ती तर आमची!’ स्पेनचं राज्य फिलिपिन्सवर तीनशेहून जास्त वर्षं होतं, त्याबरोबर ही गेली आणि तिथलीच झाली. आता ती मऊ पावासारखी असते, वर लोणी, साखर आणि चक्क किसलेलं चीज. पहिल्या घासाला मी गोंधळलो, दुसऱ्याला गप्प बसलो. आता सुट्टीच्या दिवशी करामाच्या फिलिपिनो बेकरीत आमची फेरी ठरलेली. मायोर्काची काही सापडलेली नाही.

* * *

स्टॉकहोमचा सेम्ला लंडनला शोधणाऱ्यांसाठी: उन्हाळ्यात हिंडू नका. वेलचीचा पाव, आत बदामाचा लगदा, वर क्रीमचा ढीग. हा प्रकार मुळात लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती, उपासाआधी खायचा, आणि स्वीडिश बेकऱ्या तो नाताळानंतर ईस्टरपर्यंतच करतात. मी जुलैत विचारलं तर बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

* * *

स्लोव्हेनियातल्या ब्लेड सरोवरावरच्या क्रीम केकचं कुणी लिहिलं नाही? १९५३ मध्ये तिथल्या हॉटेल पार्कमध्ये इश्तवान लुकाचेविच या मुख्य हलवायाने तो बसवला. सात सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, खाली कस्टर्ड, वर क्रीम, माथ्यावर पापुद्रा. मेलबर्नमध्ये मला सगळ्यांनी व्हॅनिला स्लाइसकडे पाठवलं. त्यावर आइसिंग असतं आणि कस्टर्ड सुरीने कापावं इतकं घट्ट. मग सर्बियन आणि क्रोएशियन वस्तीत ‘क्रेमपिता’ म्हणून विचारत गेले आणि मिळाला. काटा लावला की कोसळतो, म्हणजे बरोबर. धागाकर्त्यांचा नियम इथे शंभर टक्के खरा ठरला.

* * *

मी डब्लिनला. कामासाठी हॅम्बुर्गला गेले असताना स्टेशनवर फ्रान्त्सब्र्योटशन, म्हणजे तिथला दालचिनीचा पापुद्र्यांचा पाव, खाल्ला आणि आयुष्यात एक नवी कटकट आली. जर्मन बेकरी दिसली की शिरते. प्रेत्झेल मिळतात, राईचा पाव मिळतो, हा मिळत नाही. जर्मनीतही दक्षिणेकडे तो सहजी दिसत नाही, मग इथे काय मिळणार.

म्हणून घरी करते. यीस्टच्या पिठात लोण्याचे पदर घालायचे, वर लोणी, साखर, दालचिनी पसरून गुंडाळी करायची, तुकडे कापायचे. आणि मग खरी करामत: लाकडी चमच्याचा दांडा तुकड्याच्या मधोमध आडवा ठेवून पार तळापर्यंत दाबायचा. दोन्ही बाजूंनी गुंडाळीचे वेढे फुलून बाहेर येतात. दांडा भीतभीत दाबला तर ओव्हनमध्ये तुकडा परत फुगून गोल होतो. साखर वितळून तळाशी चिकट थर बसतो, तो खरवडण्यावरून आमच्याकडे भांडणं होतात. हॅम्बुर्गवाला याला आपला म्हणेल का, विचारायची सोय नाही.

* * *

घरी करणाऱ्यांना फ्रान्समधल्या बोर्दोच्या कानलेबद्दल, म्हणजे बाहेरून कडक आणि आतून मऊ अशा छोट्या केकबद्दल, एक सूचना. सिलिकॉनच्या साच्यात करू नका, बाहेरून काळपट कवच धरत नाही. तांब्याचे साचे आणि आतून मधमाश्यांचं मेण, तीच रीत. मिश्रण किमान रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. आणि टोरोंटोत विकतचा शोधत असाल तर सकाळीच जा. कवच काही तासांत मऊ पडतं, दुपारी चारला मिळणारा कानले म्हणजे नुसता रमचा वास असलेला ओला केक. बोर्दोला जाऊन आलेल्याने त्याला पैसे देऊ नयेत.