भेगा आपोआप भरणारं सिमेंट म्हणे! आधी स्लॅबला पाणी मारा

चिरेबंदी: परत तोच फॉरवर्ड आला, "नवीन ग्रीन सिमेंट भेगा स्वतःच बुजवतं, कोकणातली गळती कायमची बंद". डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अहो भेग बुजणं नवीन नाही, साध्या सिमेंटातही न भिजलेले कण उरतात, पाणी लागलं की ते पुन्हा काम करतात आणि मोकळा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पांढरा जमतो. पण भेग ०.१-०.२ मिमीची असली तर, आणि हलत नसली तर! हे ग्रीन सिमेंट म्हणजे एलसी३, चुनखडी आणि भाजलेली माती मिसळलेलं. त्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ माल, निम्माच, आणि ती भाजलेली माती तोच चुना खाते, मग भेगेत बसायला उरणार काय? नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठाचं जिवाणूवालं काँक्रीट वेगळंच, त्यात जिवाणू आणि त्यांचं खाद्य मुद्दाम घालतात. सगळं एकत्र कालवून पाठवतात लोक.

खाडीकाठ: भेगांचं जाऊ दे रे, तू सिमेंटलाच शिव्या घालतोयस. आपल्याकडे घर मरतं ते सळई गंजून, आणि एलसी३ ची छिद्रं बारीक, खारेपणा आत शिरायला वेळ लागतो. बनवताना हवेत जाणारा कार्बनही साधारण ३०-४० टक्के कमी. २०२३ला त्याचं भारतीय मानक, आयएस १८१८९, आलंय, हवेतल्या गप्पा नाहीत.

चिरेबंदी: खारेपणाचं मान्य. पण चुना कमी म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड सळईपर्यंत लवकर पोचतो आणि ती गंजते, ते कोण सांगणार?

मालवणी मिस्त्री: तुमका दोघांकाय काय कळता? सिमेंट खंयचाय घाला, वाळू खाडीची आसली तर सळई फुगतलीच. धुवन घेतलली म्हणान सांगतत, धुता कोण?

खाडीकाठ: हे मात्र खरं. आमच्या गच्चीचे पोपडे पडून सळया दिसायला लागल्या, तरी ठेकेदार म्हणतो वाळू गोडीच होती. गोडी! चाखून बघितलीस का म्हटलं.

आजोळ: सगळी नवीन थेरं. आजोबांचं घर शिंपल्यांच्या चुन्यातलं, वाळू किनाऱ्यावरची, अजून उभं आहे.

चिरेबंदी: त्यात सळई होती का?

आजोळ: नव्हती. पण भिंतीला एक तडा नाही.

चिरेबंदी: मग गंजणार काय, जांभा? रोमन लोकांचंही हेच, २०२३ मध्ये एमआयटीवाल्यांनी दाखवलं की त्यातले चुन्याचे खडे पाण्यात विरघळून भेग भरतात, पण आत लोखंड नव्हतं. तुमच्या आजोबांनी वर तीन मजले चढवले असते तर बोललो असतो.

आजोळ: आजोबांवर जाऊ नका हं.

खाडीकाठ: झालं, वाळूवरून आजोबांवर आलो. मूळ मुद्दा, बुजायला पाणी लागतं ना? ते आपल्याकडे चार महिने फुकट.

चिरेबंदी: आणि बाकी आठ महिने? गच्ची उन्हात तापते, रात्री गार होते, भेग उघडते-मिटते, बुजणार कशी? त्यात सगळे स्लॅब मे महिन्यात टाकतात, विहीर तळाला, क्युरिंग दोन दिवसांत आटोपतं. एलसी३सारख्या मिश्र सिमेंटला काँक्रीटचं मानक आयएस ४५६ निदान १० दिवस सांगतं.

मालवणी मिस्त्री: टँकरचे पैशे कोण देतलो, आयएस?

खाडीकाठ: देतो मी, पण वाळूची पावती दाखव आधी.

मालवणी मिस्त्री: क्रश सँड घाल मगे, तुझा एलसी३ पण घाल. आणि वर पत्र्याची शेड मार, काय बुजणा नाय तरी गळणा नाय.