पाण्याची वाफ वाढवली की कार्बन मोनॉक्साइड कमी का येतोय?

एमएस्सीचा प्रोजेक्ट करायलोय सोलापुरात, विषय कृत्रिम प्रकाशसंश्लेषण, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड करायचा. टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर काचपट्टीवर पसरून बंद चेंबरमध्ये ठेवतो, कार्बन डायऑक्साइड अन् पाण्याची वाफ सोडतो, वरून यूव्ही दिवा. मला वाटलं पाणी तर कच्चा मालच आहे, जास्त दिलं तर बरंच की, पण वाफ वाढवली की कार्बन मोनॉक्साइड घटतो अन् हायड्रोजन वाढतो. मे महिन्यात रीडिंग नीट यायचं, आता जुलैत सगळं घसरलंय, डेसिकेटरमधली (वस्तू कोरड्या ठेवायच्या भांड्यातली) निळी सिलिका जेल ओलाव्यानं दोन दिवसांत गुलाबी व्हायलीय. चुकतंय कुठं?

चाटी_गल्ली: जागेचं भांडण आहे बघ. पृष्ठभागावरच्या काही टायटॅनियम अणूंना सहाऐवजी पाचच ऑक्सिजन असतात, त्या मोकळ्या जागेवर दोघांनाही बसायचंय. पाण्याचा रेणू ध्रुवीय, तो घट्ट धरतो, कार्बन डायऑक्साइड सरळसोट, सैल बसतो, मग वाफ वाढली की पाणी त्याला उठवतं अन् प्रकाशानं पावडरीत सुटलेल्या इलेक्ट्रॉनला समोर पाणीच सापडतं, म्हणून हायड्रोजन. आपल्या टॉवेलसारखं समजू नको, टॉवेल पाणी पोटात घेतो, इथं सगळा कारभार वरच्या एका थरात. अन् मोकळ्या कार्बन डायऑक्साइडला पहिला इलेक्ट्रॉन द्यायला उणे १.९ व्होल्टच्या आसपास लागतात, टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रॉनात तेवढा जोर नाही, म्हणून तो रेणू आधी पृष्ठभागाला चिकटून वाकला पाहिजे. ऑक्सिजन निघून गेलेल्या जागी तो चांगला वाकतो. थोडं मॅग्नेशियम ऑक्साइड घालून बघ, आम्लधर्मी वायूला ते धरून ठेवतं, पण जास्त नको, कार्बोनेट होऊन तिथंच बसलं की जागा अडली.

प्रयोगशाळेतली_ताई: अरे हे सगळं खरंय, पण आधी कार्बन डायऑक्साइडच्या जागी आर्गॉन (कार्बन नसलेला निष्क्रिय वायू) सोडून तोच प्रयोग कर. तरीही कार्बन मोनॉक्साइड आला तर तो पावडरला चिकटलेल्या सेंद्रिय घाणीतून येतोय. माझे पाच महिने यातच गेले, खूप रडले होते तेव्हा, म्हणून कळकळीनं सांगते. पक्की खात्री कार्बन-१३ (कार्बनचा जड प्रकार, ओळखता येतो) वाल्या कार्बन डायऑक्साइडनंच होते, जमलं तर मागव.

प्रश्नकर्ता: ताई, काल आर्गॉनमध्ये चालवलं, थोडा कार्बन मोनॉक्साइड आलाच. पट्टी ॲसिटोननं पुसायचो मी, तेच असणार. म्हणजे मेमधलं रीडिंगपण धरता येत नाही आता. आज पावडर ओव्हनमध्ये २०० अंशाला ठेवलीय, ॲसिटोन बंद. दादा, मॅग्नेशियम ऑक्साइड वजनाच्या किती टक्के घालू?

चाटी_गल्ली: एक टक्क्यापासून सुरू कर, अन् दरवेळी आर्गॉनचं रीडिंग सोबत घे.