चोडण–रायबंदर रोजची सायकल: चेन इतक्या लवकर का संपते?

फेरीवरचा

मंडळी, सायकलीचं एक दुखणं घेऊन आलोय. मी चोडणचा, पणजीत एका छापखान्यात बायंडिंगला असतो. रोज घरून धक्क्यापर्यंत सायकल, फेरीबोटीतून मांडवी ओलांडून रायबंदर, पुढे कॉजवेवरून, म्हणजे नदीकाठच्या बांधरस्त्याने, पणजीतलं पाटो. संध्याकाळी तसंच परत. सायकल साधी हायब्रिड आहे. पुढे तीन, मागे सात गिअर, अॅल्युमिनियमची फ्रेम, व्ही-ब्रेक (रिमवर रबर दाबणारे), ७०० बाय ३५ चे टायर. मडगार्ड मागे अर्धं, पुढे नाहीच. घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, मडगार्डने लूक जातो.

गेल्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास नवी चेन टाकली. आता मे संपत आला. फेरीतून उतरून धक्क्याच्या चढावर जोर दिला की चेन खट्ट करून सुटते. सपाटीवर काही नाही. शिवाय सायकल एक रविवार घरी उभी राहिली तरी सोमवारी चेनवर तांबूस थर. पाऊस नाही, काही नाही, हा गंज येतो कुठून?

दुकानात नेली. मेकॅनिकने चेन हातात धरून सुद्धा पाहिली नाही. चेन, मागचं फ्रीव्हील (मागच्या सात दातेरी चाकांचा गठ्ठा), पुढची तिन्ही दातेरी चाकं सगळं बदला म्हणाला. एवढा खर्च करण्यापेक्षा डिस्क ब्रेकची नवी सायकलच घ्या, हे वर. माझा पगार बायंडरचा आहे.

तर खरंच एवढं सगळं झिजलं असेल का? तेल कुठलं घालायचं? आमच्या छापखान्यात मशीन ऑइल असतं, मालक मागितलं तर बाटलीभर देतो. ते चालेल? आणि पाऊस दारात आहे, डिस्क लागतेच का?

फिटरबाई_डिचोली

आधी खिसा बंद ठेवा. मी फिटर ट्रेड शिकवते आणि सायकल डिचोलीच्या लाल रस्त्यांवर चालवते, तेव्हा जरा लांबण लावते.

जोर दिल्यावर चेन सुटायची कारणं तीन. चेन झिजलेली, फ्रीव्हीलचे दात झिजलेले, नाहीतर गंजाने चेनची एखादी कडी आखडलेली. तिसरं कारण फुकटात बरं होतं, म्हणून तिथून सुरुवात. सायकल उलटी करा आणि पेडल हळूहळू मागे फिरवा. मागच्या गिअरच्या दोन लहान चाकांतून चेन जाते तिथे नजर ठेवा. आखडलेली कडी तिथून जाताना सरळ होत नाही, टुणकन उडी मारते. सापडली की तुमचं ते छापखान्याचं मशीन ऑइल तिच्या पिनवर सोडा आणि दोन्ही अंगठ्यांनी चेन आडवी, म्हणजे डावी-उजवीकडे, हलकी वाकवून मोकळी करा. पातळ तेल आत शिरतं, या कामाला ते उत्तम.

मग मोजमाप. बायंडर आहात म्हणजे स्टीलची पट्टी तुमच्याकडे असणारच. चेनच्या एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत अर्धा इंच असतो. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरला की ती पिन सोडून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. चेन लोंबत ठेवून मोजू नका, ताणात असू द्या. ती पिन १२ च्या पुढे १/१६ इंच (दीड मिलिमीटर म्हणा) गेली असेल तर चेन बदला, फ्रीव्हील बहुधा वाचलेलं असतं. १/८ इंच, म्हणजे तीन मिलिमीटर, गेली असेल तर फ्रीव्हीलही गेलं समजा. पुढची चाकं याहून बरीच जास्त टिकतात, दात माशाच्या काट्यासारखे टोकदार होऊन एका बाजूला झुकल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. चेन "ताणली" म्हणतात लोक, पण लोखंड ताणलं जात नाही, आतल्या पिना आणि त्यांच्यावर फिरणारा भाग घासून खड्डे पडतात. ते चोवीस-चोवीस खड्डे मिळून लांबी वाढते. म्हणून तेलाची गरज आत असते. बाहेर चोपडलेलं तेल फक्त माती गोळा करतं.

आता तुमचा तांबूस थर. तुम्ही पावसाला घाबरताय, पण तुमच्या रस्त्यावर चेनचा खरा वैरी उन्हाळा आहे. जुलै-ऑगस्टात मांडवीला वरून एवढं पाणी येतं की धक्क्यावरचं पाणी जवळजवळ गोडं होतं. फेब्रुवारी ते मे नदीला वरून पाणी नाही, समुद्र आत चढतो. फेरीच्या फळीवर आणि धक्क्याच्या उतारावर जे पाणी तुम्ही रोज चाकाने उडवता ते खारं. पुढे कॉजवेला लागून मिठागरं. हे मीठ चेनवर बसतं आणि हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. आपल्याकडे पहाटे तेवढा दमटपणा असतोच. म्हणून सायकल उभी असली तरी गंजते.

उपाय कंटाळवाणा आहे: आठवड्यातून दोनदा तांब्याभर गोडं पाणी चेनवर आणि मागच्या गिअरवर. मग जुन्या बनियनने कोरडं करून तेल. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशरचा पाइप मात्र लावू देऊ नका, हबच्या आणि पेडलच्या बेअरिंगमधलं ग्रीस निघून तिथे पाणी बसतं.

तेल: उन्हाळ्यात मशीन ऑइल ठीक, पण दर तीन-चार दिवसांनी घालावं लागेल. पावसात ते फेरी सुटायच्या आत धुऊन जाईल. जूनपासून सायकलच्या दुकानात मिळतं ते "वेट" ल्यूब, म्हणजे पावसाळी घट्ट तेल, घ्या, किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, पेडल फिरवा, रात्रभर राहू द्या, सकाळी बाहेरचं सगळं पुसून काढा. पुसताना हात आखडू नका. चेन बाहेरून कोरडी दिसली की बरोबर. खोबरेल सुचवणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा, ते घट्ट होऊन चिकटतं.

डिस्कबद्दल. तुमचा रस्ता सपाट आहे, व्ही-ब्रेक पुरतो. तुमच्या फ्रेमला आणि फोर्कला डिस्क बसवायची जागाच नसणार, म्हणजे प्रश्न नव्या सायकलीचाच. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवर घर असतं किंवा फोंड्याकडचे चढ-उतार असते तर मी वेगळं बोलले असते. एकच गोष्ट सांभाळा. आपल्या चिऱ्याच्या मातीचे खडे ब्रेकच्या रबरात रुततात आणि रिम खरवडतात. पावसात दर आठवड्याला चाक काढा, रबरातले खडे आणि अॅल्युमिनियमचे चकाकणारे कण सुईने उपटा, रबर पॉलिश पेपरवर घासा. रिमच्या बाजूला बोट फिरवून पाहा. मध्ये खोलगट लागली तर रिम बदलायची वेळ आली. ती फुटते, आणि फुटते ती ब्रेक मारतानाच.

आणि मडगार्ड. पुढचं पूर्ण, खाली पडद्यासकट. पुढच्या चाकाचा सगळा राड थेट चेनवर येतो. त्या एका मडगार्डने तुमची चेन कुठल्याही महागड्या तेलापेक्षा जास्त वाचेल. लूक जाऊ द्या.

मेणबत्ती_मडगाव

फिटरबाईंचं बहुतेक पटलं, तेलावर मात्र नाही. ऑक्टोबर ते मे मी तेल वापरतच नाही. मेण. पॅराफिन वितळवून त्यात चेन बुडवायची, वर काढून गार करायची. कोरडी चेन, धूळ बसत नाही, पँटला डाग नाही. कोलव्याच्या वाळूतून रोज जाणाऱ्या माणसाला याहून बरं काही सापडलेलं नाही.

दोन अटी. नवी चेन असली तरी कंपनीचं ग्रीस आधी पूर्ण काढायचं, डिझेलमध्ये आणि मग पेट्रोलमध्ये खळबळून, आणि हे काम अंगणात, विडी-काडीपासून लांब. ग्रीस राहिलं तर मेण आत धरत नाही. दुसरं, मेण कधीही थेट गॅसवर ठेवायचं नाही, पेट घेतं. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं. चेनला क्विक लिंक, म्हणजे उघडता येणारी जोडकडी, हवी, म्हणजे काढ-घाल पक्कडीने होते. पावसात हे सगळं बंद, मेण पहिल्या जोरदार सरीत जातं आणि खाली उघडं लोखंड राहतं.

फिटरबाई_डिचोली

मेणाला माझा विरोध नाही. पण ज्याला सकाळची फेरी पकडायची आहे तो चुलीवर चेन शिजवत बसेल असं वाटत नाही. आणि त्यांची चेन आधीच खाऱ्या पाण्याने भिजतेय, मेणाला बारीकशी भेग पडली की मीठ आत जाईल. त्यांनी तेलच घालावं.

पेडण्याचा_पोदेर_नव्हे

मी पोदेर (पाववाला) नाही, पण माझी सायकल पोदेराची. काळी, २८ इंची, रॉड ब्रेक, गिअर नाहीत, चेन पूर्ण डब्यात झाकलेली. आमचा पोदेर असल्याच सायकलीवर पावसात पाव घेऊन फिरतो, पॉं-पॉं करत, आणि त्याला हे वेट ल्यूब-बिल्यूब काही ठाऊक नाही. डब्याच्या भोकातून महिन्याला थोडं इंजिन ऑइल ओततो, झालं. फेरीवरचे, तुमचा रस्ता सपाट. चार महिने जुनी काळी सायकल वापरा, हायब्रिड घरात टांगा. सेकंडहँड स्वस्तात मिळते.

फेरीवरचा

विचार माझ्याही मनात होता, शेजाऱ्याकडे तसली एक पडून आहे. पण मागे तीच पावसात चालवून पाहिली होती. लोखंडी क्रोमची रिम ओली झाली की रॉड ब्रेक दाबा नाहीतर नामस्मरण करा, सारखंच. आणि माझ्या वाटेत धक्क्याचा शेवाळलेला उतार, खाली नदी. माफ करा बाब, पावाच्या टोपलीशिवाय ती सायकल नको.

आता निकाल सांगतो. काल फिटरबाईंनी सांगितलं तसं केलं. आखडलेल्या कड्या निघाल्या दोन, एकमेकींजवळच. तेल सोडून मोकळ्या केल्या. आज चढावर खटका बराच कमी, पण गेला नाही. पट्टीवर चोविसावी पिन १२ च्या पुढे, १/१६ पेक्षा केसभर जास्त. १/८ च्या बरीच अलीकडे. पुढच्या चाकांचे दात मला तरी शहाण्यासारखे दिसले. म्हणजे चेन बदलू आणि फ्रीव्हील राहू दे?

अजून एक. ब्रेकची केबल पण जड चालते. घरी गिअरच्या केबलचं जुनं आवरण पडलंय, ते ब्रेकला घातलं तर?

मेणबत्ती_मडगाव

नको! ब्रेकचं आवरण जाडीला ५ मिलिमीटर आणि आत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार. गिअरचं ४ मिलिमीटर, तारा लांबीला सरळ. ब्रेक जोरात दाबला की गिअरचं आवरण फाटून केबल बाहेर येऊ शकते. पुढचा ब्रेक असाच गेला तर धक्क्याची नदी आहेच. ब्रेकचंच आवरण घ्या, आतली केबल स्टेनलेस मागा. साधी केबल तुमच्या वाटेवर वर्षभरसुद्धा मऊ चालणार नाही.

फिटरबाई_डिचोली

हो, फ्रीव्हील राहू दे. नवी चेन टाकून एकेका गिअरवर जोर देऊन पाहा. तुम्ही रोज वापरता त्या एक-दोन दातेरी चाकांवरच सुटत असेल आणि बाकीच्यांवर नाही, तर फ्रीव्हील बदला. ते सात गिअरचं, हबवर आट्यांनी बसणारं, स्वस्त असतं. ते काढायला वेगळा पाना लागतो, म्हणून तेवढ्यासाठी दुकान. चेन मात्र घरी.

चेन ७ किंवा ८ गिअरची घ्या, दोन्हीला एकच चालते, क्विक लिंकही तीच. ९ ची लिंक आणू नका, अरुंद असते, बसणार नाही. नवी चेन कापताना जुनीच्या शेजारी ठेवून लांबी लावू नका, जुनी झिजून लांब झालेली आहे. कड्या मोजा आणि तेवढ्याच ठेवा. मोजताना क्विक लिंक धरायला विसरू नका.

आणि सीटचा दांडा एकदा बाहेर काढून ग्रीस लावून परत बसवा, आताच, पहिल्या पावसाआधी. फ्रेमच्या नळीत पाणी साचलेलं असेल तर सायकल उलटी केल्यावर निघेल. किती निघालं ते इथे लिहा, माझ्या पोरांना सांगायचंय.

फेरीवरचा

कपभर निघालं. लाल.