मालगाडी बॅटरीवर? आधी उतार कुठल्या दिशेला ते सांगा

तिसरा_सिग्नल (धागाकर्ता)
घाट उतरणारं मालगाडीचं डिझेल इंजिन कधी जवळून पाहिलंय? वरच्या जाळीतून इतकी गरम हवा बाहेर पडते की पलीकडचा डोंगर थरथरताना दिसतो. तो डायनॅमिक ब्रेक. चाकं मोटरी फिरवतात, मोटरी वीज करतात आणि ती वीज रोधकांत जाळून टाकायची. चढताना डिझेल जाळा, उतरताना वीज जाळा! २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात बार्स्टो-स्टॉकटन मार्गावर दोन डिझेल इंजिनांच्या मध्ये वॅबटेक या अमेरिकन कंपनीचं २.४ मेगावॅट-तासांचं (एक मेगावॅट-तास म्हणजे हजार युनिटं) बॅटरी इंजिन जोडून पाहिलं. गाडीचं इंधन सरासरी ११ टक्क्यांहून जास्त वाचलं. माझ्या मते डिझेल हटेल ते असंच, एकेक इंजिन करत.

गणिती_काका
अकरा वाचले, म्हणजे एकोणनव्वद जळलेच की. मोठ्या इंजिनाच्या टाकीत १९,००० लिटरच्या आसपास डिझेल मावतं. लिटरला १० युनिटं धरा, त्यातली पस्तीस टक्के चाकापर्यंत पोचतात असं समजा. साधारण ६५ मेगावॅट-तास झाले. वॅबटेकचं दांडगं बॅटरी इंजिन ७ चं. दहा तासांच्या वाटेवर ते काय पुरणार?

कोळशाची_राख
काकांशी सहमत. मुळात बॅटरी पाठीवर वागवायचीच कशाला? तारा ओढा. स्वीडनमधलं किरुना ते नॉर्वेतलं नार्विक बंदर, लोहखनिजाच्या गाड्या कित्येक वर्षं तारेखालून धावताहेत आणि उतरताना तारेत वीज परत सोडताहेत. बॅटरी म्हातारी होते, बदलावी लागते. तारेला तो ताप नाही.

तिसरा_सिग्नल
तारेला गाड्या लागतात हो! दिवसाला तीन गाड्या जाणाऱ्या मार्गावर शेकडो किलोमीटर तार, खांब, उपकेंद्रं कोण उभारणार? त्यात कंटेनरवर कंटेनर चढवलेल्या गाड्या असतील तर बोगदेही उंच करा. आणि वजनाची भीती सोडा. रुळावर पकड मिळावी म्हणून इंजिन मुद्दामच जड ठेवतात. आसावरचा भार मर्यादेत असला की झालं.

रात्रपाळी
लांबच्या गाड्यांवरून भांडताय, यार्डाकडे कोणी बघतच नाही. मी शंटिंग बघत आलोय. पाळीचा निम्म्याहून जास्त वेळ इंजिन नुसतं धडधडत उभं असतं. चार डबे ढकलले, पुन्हा उभं. थंड प्रदेशात तर बंदही करत नाहीत, कारण कूलंट म्हणून बऱ्याचदा साधं पाणी असतं, ते गोठलं तर ब्लॉक फुटतो. बॅटरीचं इंजिन उभं असताना जवळपास काहीच खात नाही आणि चार्जर हाकेच्या अंतरावर. इथे गणित कशाला हवं?

गणिती_काका
यार्ड मान्य, तिथे वाद नाही. पण उताराचंही गणित ऐका. १०,००० टनांची गाडी १०० मीटर खाली आली तर २.७ मेगावॅट-तास सुटतात. दोनशे मीटरला एक मीटर असा उतार असेल तर तिसरा हिस्सा तरी घर्षणात आणि हवेत जातो. राहिलेल्यातलं थोडं मोटर आणि बॅटरी खाते. आणि भरलेली गाडी चढणार, रिकामी उतरणार असेल तर? मग परत येतं ते चिल्लर.

तिसरा_सिग्नल
म्हणूनच खाणीवाले आधी पुढे आले. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारामध्ये रॉय हिल या लोहखनिजाच्या खाणीचा ३४४ किलोमीटरचा मार्ग आहे: खाण वर, बंदर खाली, भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते. ७ मेगावॅट-तासांचं इंजिन त्यांनीच मागवलं. फोर्टेस्क्यू या तिथल्याच दुसऱ्या खाण कंपनीने तर २०२२ मध्ये उतरतानाच्या विजेवरच परत चढेल अशा गाडीची घोषणा केली. तुमचा मार्ग उलटा असेल तर तार ओढा, माझी हरकत नाही.

कोळशाची_राख
चला, तारेवर आलात! आता एवढंच सांगा: अशी चार इंजिनं तासाभरात भरायची म्हटलं तर २८ मेगावॅट लागतात. खाणीच्या टोकाला ते कुठून आणणार? डिझेलच्या जनरेटरमधून?

रात्रपाळी
😀 यार्डात या सगळे. इथे रात्रभर वेळ आहे भरायला.